निरागसतेचा शोक : मराठीतील कुमारवयीन कथात्म साहित्याचे मनोविश्लेषणात्मक वाचन

बीजसंज्ञा : निरागसता, मनोविश्लेषण, पराहम्, आच्छादक स्मृती, पितृनाम, कुमारवय, मराठी कादंबरी

प्रस्तावना

‘निरागस’ या शब्दाची फोड केली असता त्यात ‘आगस्’ हा संस्कृत शब्द सापडतो. आगस् म्हणजे अपराध, दोष. निरागस म्हणजे ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही असा. याउलट ‘अजाण’ हा शब्द ज्ञानाशी निगडित आहे. ज्याला अजून कळत नाही तो अजाण आणि ज्याला कळू लागले तो ‘जाणता’ किंवा ‘कळता’. मराठी बोलींत मुलगी ऋतुमती झाली म्हणजे ती ‘शहाणी झाली’ असेही म्हटले जाते. म्हणजे वयात येण्याच्या घटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी भाषेतच साठवलेल्या आहेत : एक ज्ञानाची आणि दुसरी दोषाची. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि साहित्यसमीक्षेतही हीच सरमिसळ होते. ‘निरागसता हरवली’ असे विधान करताना मुलाला काही कळले असे म्हणायचे आहे, की मुलाला काही लागले, चिकटले असे म्हणायचे आहे, हे क्वचितच स्पष्ट केले जाते.

पाश्चात्त्य साहित्याच्या अभ्यासक्रमातून आलेली मांडणी बहुतांशी ज्ञानाच्या बाजूची आहे. एदनच्या बागेतील फळ हे तिचे मूळ रूपक. फळ खाल्ले, नग्नतेचे भान आले, बागेतून हकालपट्टी झाली. जर्मन परंपरेतील ‘बिल्डुंग्जरोमान’ म्हणजे नायकाच्या घडणीची कादंबरी हा प्रकार आणि त्यावरील फ्रॉइडप्रणीत समीक्षा हे रूपक सहसा गृहीत धरूनच पुढे जातात. हीच चौकट मराठी कलाकृतींवर जशीच्या तशी बसवली असता काय हाती लागते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ‘श्यामची आई’, प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथा, ‘कोसला’ आणि ‘शाळा’ या सर्वपरिचित कलाकृती आणि त्यांच्या शेजारी ‘झोंबी’ व ‘अक्करमाशी’ ही आत्मकथने घेतली आहेत. कादंबरी आणि आत्मकथन हे वेगळे वाङ्मयप्रकार आहेत याचे भान ठेवूनच ही जोडणी केली आहे. किंबहुना ती का करावी लागते हाच लेखाचा एक मुद्दा आहे.

मनोविश्लेषणातील काही संकल्पना

वर्गात मनोविश्लेषण शिकवताना इडिपस गंडाला मिळणारे महत्त्व इतके अवाजवी असते की विद्यार्थ्यांच्या मनात फ्रॉइड म्हणजे इडिपस असेच समीकरण तयार होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र फ्रॉइडच्या दुसऱ्या एका विचाराचे मोल अधिक आहे. बालपणीच्या घटनेला तिचा अर्थ त्या क्षणी मिळत नाही. तो वर्षानुवर्षांनी, दुसऱ्या एखाद्या अनुभवाच्या प्रकाशात, मागाहून मिळतो, असे फ्रॉइडने १८९५ पासून वेळोवेळी सुचवले. १८९९ च्या निबंधात त्याने ‘आच्छादक स्मृती’ची कल्पना मांडली. बालपणीची एखादी साधी, सोज्ज्वळ आठवण विलक्षण स्पष्टपणे मनात राहते, कारण तिच्या आडोशाला दुसरे काही दडवलेले असते. आपल्याजवळ बालपणातल्या स्मृती आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्या बालपणाविषयी पुढे तयार झालेल्या स्मृती असण्याचा संभव अधिक, असा या निबंधाचा रोख आहे.

हा विचार स्वीकारला तर निरागसतेचा प्रश्न उलटा होतो. निरागसता ही आधी असते आणि मग हरवते असे नसून, हरवल्याचा शोक करताना ती घडवली जाते. मुलाला आपण निरागस आहोत हे ठाऊक नसते. ते प्रौढ निवेदकाला ठाऊक असते. वर उल्लेखिलेल्या सर्व कलाकृतींचे लेखक प्रौढ आहेत. त्यामुळे निवेदक कोणत्या गरजेपोटी मागे वळून पाहतो आणि त्याला मागे काय सापडू शकते, हे प्रश्न नायकाच्या मनोविश्लेषणापेक्षा अधिक फलदायी ठरतात.

भारतीय संदर्भाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी दीर्घ पत्रव्यवहार केला. युरोपीय रुग्णांत दिसणारे खच्चीकरणाचे भय भारतीय पुरुष रुग्णांत तितके ठळक दिसत नाही, त्यांच्यात स्त्री होण्याची इच्छा अधिक सहज उघड होते, असे त्यांचे निरीक्षण होते. फ्रॉइडला ते पूर्णपणे पटले नाही. पुढे सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात भारतीय मुलग्याच्या ‘दुसऱ्या जन्मा’ची कल्पना मांडली : चारपाच वर्षांपर्यंत आईच्या निकट सहवासात वाढलेला मुलगा अकस्मात पुरुषांच्या शिस्तबद्ध जगात ढकलला जातो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय कथांतील इडिपसाचा शोध घेताना दाखवून दिले की येथे पुत्र पित्याचा पराभव करत नाही. पिताच पुत्राचे तारुण्य मागून घेतो. ययाती आणि पुरू, शंतनू आणि भीष्म ही त्याची उदाहरणे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि चारच वर्षांनी ‘कोसला’ आली, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि दोन्हींत बापाच्या घराचे पारडे जड राहते हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ओच्यावरचे पाऊल

‘श्यामची आई’चा बहुतांश भाग साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला, पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढ श्याम आश्रमातील सहकाऱ्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो अशी त्याची रचना आहे. या पुस्तकाला संस्कारांचे पुस्तक म्हणून इतकी मान्यता मिळाली आहे की त्याचे मनोविश्लेषणात्मक वाचन करणे काहींना औचित्यभंगासारखे वाटते. प्रत्यक्षात मराठीत पराहम् कसा घडतो याचे इतके तपशीलवार चित्रण दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्यासाठी दगडावर आपले ओचे पसरणारी आई हा प्रसंग सर्वांना परिचित आहे. पाय जसे जपतोस तसे मनही जप, अशा आशयाची शिकवण आई त्या वेळी देते. या प्रसंगात शरीराच्या स्वच्छतेचे सुख, आईच्या वस्त्राचा स्पर्श आणि नैतिक आज्ञा या तीन गोष्टी एकाच क्षणी मुलाच्या अंगाला लागतात. फ्रॉइडने १९२३ मध्ये मांडलेल्या पराहम् च्या संकल्पनेत निषेधाचा आवाज प्रामुख्याने बापाचा आहे. त्या निषेधाच्या भयाने मूल आईपासून दूर होते. श्यामच्या बाबतीत निषेध करणारी आणि ज्या सुखाचा निषेध करायचा ते सुख देणारी व्यक्ती एकच आहे. पोहायला जायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीवर धाडते तीही आईच आणि मागाहून त्याच्यासाठी कळवळते तीही आईच. येथे भय बापाचे नसून आईला वाईट वाटेल याचे आहे. असा पराहम् अधिक सौम्य असेल असे वरवर वाटते, पण तो अधिक कठोरही असू शकतो, कारण त्याच्याविरुद्ध बंड करण्याची सोयच उरत नाही. ज्याने ओचे पसरले त्याच्याशी भांडायचे कसे?

या पुस्तकातील वडील कर्जाने खचलेले आहेत. सावकाराकडून होणारा अपमान ते सहन करतात. मुलाला जगात नेणारा बाप ही भूमिका ते निभावू शकत नाहीत. त्यामुळे कक्कर म्हणतात तो ‘दुसरा जन्म’ श्यामला मिळतो, पण तो बापाच्या हातून नव्हे, शिक्षणासाठी घर सोडण्याच्या निमित्ताने. आईच्या अंतकाळी तो तिच्याजवळ नसतो. पुस्तकाची सारी निर्मिती या अनुपस्थितीतून झाली आहे. निरागसता या शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो : श्यामला काही कळले म्हणून त्याचे बालपण संपत नाही, तर आपण तेथे नव्हतो हा दोष त्याला लागतो म्हणून संपते. रात्रीमागून रात्र चालणारे कथन हे त्या दोषाचे क्षालन आहे. श्रोते बदलत नाहीत, आश्रमात कोणी त्याला दोष देत नाही, तरी कथन थांबत नाही.

आकड्यांचा खेळ

प्रकाश नारायण संत यांची ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२) ही चार पुस्तके मिळून लंपन या एकाच मुलाची कथा उभी राहते. इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे हे पुत्र, कराड येथे भूशास्त्राचे प्राध्यापक होते. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. सीमाभागातील एका कानडी वळणाच्या गावात आजीआजोबांकडे राहणारा लंपन आणि बेळगावात राहणारे त्याचे आईवडील व बहिणी, एवढीच या कथांची मूळ परिस्थिती आहे. २०२४ मध्ये त्यावर वेबमालिका आल्यामुळे ती नव्या पिढीलाही परिचित झाली आहे.

लंपनकथांचे कौतुक बहुधा त्यांतील निरागसतेसाठी होते. हे कौतुक यथार्थ असले तरी त्यामुळे पहिल्या पुस्तकाचे शीर्षकच झाकले जाते. रामाचा वनवास हा आईपासून दूर धाडले जाण्याचा आहे आणि त्यात मुलाचा काही अपराध नाही; निरपराध असूनही भोगावी लागणारी शिक्षा म्हणजे वनवास. आजी प्रेमळ आहे, आजोबा प्रेमळ आहेत, सुमी आहे, मित्र आहेत. तरीही हा वनवासच आहे. मुलाला जवळच्या माणसांनी दूर का ठेवले याचे उत्तर मुलाला पेलेल असे कोणी देत नाही आणि त्या रिकाम्या जागेभोवती हे सारे लेखन फिरत राहते.

येथे फ्रॉइडचे १९२० मधील एक निरीक्षण उपयोगी पडते. त्याचा दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगापलीकडे फेकून ते दिसेनासे झाल्यावर ‘गेले’ अशा अर्थाचा आवाज काढी आणि दोरी ओढून परत आणल्यावर ‘आले’ म्हणे. आई बाहेर जाते ही गोष्ट मुलाच्या हातात नसते. रिळाचे जाणे-येणे मात्र त्याच्या हातात असते. जे सोसावे लागले तेच खेळात स्वतः घडवून आणायचे, असा त्या खेळाचा अर्थ फ्रॉइडने लावला.

लंपनच्या भाषेची एक लकब वाचकांच्या स्मरणात राहते. तो कोणत्याही साध्या गोष्टीला शेकड्या-हजारांतले अचूक आकडे लावतो. एखादी गोष्ट किती वेळा झाली, किती वेळा वाटली, हे तो हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने सांगतो आणि तो हिशेब उघडच खोटा असतो. यात विनोद आहेच. परंतु हा विनोद कोणत्या मुलाच्या तोंडी आहे हे पाहिले की त्याचे कार्य ध्यानात येते. ज्याला आपली आई पुन्हा किती दिवसांनी भेटेल हे सांगता येत नाही, तो बाकी सगळ्या जगाची मोजदाद करतो. आकडा हे त्याचे रीळ आहे. ‘मॅड’ हा त्याचा आवडता शब्दही असाच काम करतो. प्रेम, लाज, भीती, आईची आठवण, जे काही सांगता येत नाही त्याला हा एक शब्द लावला की ते हाताळण्याजोगे होते. डोनाल्ड विनिकॉट यांनी मूल आणि आई यांच्यामधल्या ज्या खेळाच्या प्रदेशाविषयी लिहिले, तो लंपनच्या बाबतीत खेळण्याने नव्हे तर बोलीने व्यापलेला आहे. ‘शारदा संगीत’मध्ये तेथे गाणेही येते.

चौथ्या पुस्तकाअखेर वडिलांचा मृत्यू येतो तेव्हा हा सारा खेळ अपुरा पडतो. या घटनेला लेखकाच्या चरित्राची पार्श्वभूमी आहे, ना. मा. संत यांचे १९४६ मध्ये निधन झाले तेव्हा प्रकाश संत लहान होते. अर्धशतकानंतर, स्वतः उतारवयात आलेला लेखक त्या मुलाच्या आवाजात लिहितो. म्हणूनच लंपनचा आवाज ही मुलाची भाषा नसून, मुलाच्या भाषेत बोललेला प्रौढाचा शोक आहे. त्यातील निरागसता खरी आहे, पण ती मागाहून घडलेली आहे. जे घडणार हे निवेदकाला ठाऊक आहे आणि मुलाला ठाऊक नाही, या अंतरामुळेच साध्या दुपारीसुद्धा वाचकाला गलबलून येते.

‘कोसला’ : न संपणारा शोक

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे एकाच मुद्द्यापुरता उल्लेख पुरेसा आहे. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. त्यापूर्वीचा पांडुरंग थट्टेखोर, तिरकस आहे. त्यानंतर त्याची थट्टा कडवट आणि पोकळ होत जाते. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात शोक आणि विषण्णता यांत केलेला भेद येथे तंतोतंत लागू पडतो. शोकात जग रिकामे होते, विषण्णतेत ‘मी’ रिकामा होतो. पांडुरंगच्या बाबतीत मनी गेल्याने जी पोकळी झाली ती तो जगाच्या खात्यावर न टाकता स्वतःच्या खात्यावर टाकतो. परीक्षेत नापास होणे, पैसे उधळणे, शेवटी गावी परत येणे ही बंडखोरी म्हणून वाचली जाते. ती शिक्षा म्हणूनही वाचता येते. आणि परत यायचे ते बापाच्याच घरी. रामानुजनांचा पुरू येथे पुण्याच्या वसतिगृहातून खानदेशात परततो.

अर्धवट इमारत

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ च्या शालेय वर्षात घडते. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर नावाची मुलगी हा तिचा विषय. लैंगिक कुतूहल येथे भरपूर आहे. मुलांच्या तोंडची भाषा त्याने भरलेली आहे. फ्रॉइडच्या सरधोपट वाचनानुसार निरागसता या कुतूहलात हरवायला हवी होती. तसे होत नाही. मुले अचकटविचकट बोलतात आणि निरागसच राहतात. वर्षाअखेर शिरोडकर गाव सोडून जाते, मित्रांची टोळी फुटते, समोर दहावी उभी राहते. जे संपते ते तेव्हा संपते. ज्ञानाने काही हरवत नाही, वियोगाने हरवते. बापाचा निषेध येथे घरात सौम्य आहे. तो शाळेच्या छडीत आणि शाळेबाहेरच्या राजवटीत वाटला गेला आहे. मुलांना आणीबाणी नीटशी कळत नाही, पण गप्प बसावे लागते हे कळते.

या कादंबरीतील मुलांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आहे. घर नाही, शाळा नाही, अजून काहीच न झालेली जागा. मनोविश्लेषणाच्या भाषेत हा उंबरठा आहे, हे वर्गात सांगणे सोपे आहे. परंतु हा संकेत प्रत्येक वर्गात सारखाच उमटेल असे नाही, आणि त्यासाठी द्रोणागिरीचे उदाहरण बोलके आहे. उरण तालुक्यातील द्रोणागिरी हा सिडकोने आखलेल्या नवी मुंबईतील एक नोड. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि भातखाचरे, मिठागरे व खाजणे यांच्या या पट्ट्यातील जमिनी संपादित होऊ लागल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली. या अर्धशतकात येथील आगरी, कोळी, कराडी घरांतील मुले आखलेले पण न भरलेले भूखंड आणि उभ्या राहात असलेल्या इमारती पाहात वाढली.

अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला ‘शाळा’तील ती इमारत केवळ उंबरठा वाटेल का? तिच्याखाली कोणाचे शेत होते हा प्रश्न त्याला आधी सुचण्याचा संभव आहे. बोकिलांच्या मुलांना ती इमारत फुकट मिळालेली जागा आहे. द्रोणागिरीतल्या मुलाला ती आजोबांची गेलेली जागा असू शकते. ‘श्यामची आई’तील कर्जबाजारी वडील, ज्यांच्या हातून मालकी निसटते आणि तिच्याबरोबर शब्दाचे वजनही, हे पात्र अशा वर्गात इतरत्रपेक्षा अधिक समजून घेतले जाईल. बापाचा अधिकार ही मनोविश्लेषणाने मूलभूत मानलेली गोष्ट जमिनीच्या सातबाऱ्यावर किती अवलंबून असते, हे फ्रॉइडच्या व्हिएन्नामधील दिवाणखान्यात दिसण्याजोगे नव्हते.

जेथे हरवायलाच काही नव्हते

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) बाप मुलाला शाळेतून काढून शेताच्या कामाला जुंपतो आणि मुलगा शिक्षणासाठी त्याच्याशी झुंजतो. वरकरणी हा इडिपस संघर्षाचा निर्भेळ नमुना. तरीही झगडा आईसाठी नाही, पाटीपुस्तकासाठी आहे. आणि बाप दुष्ट असल्यामुळे तो घडत नाही, तर एका जोडी हातांविना शेत चालत नाही म्हणून घडतो. गरिबीचे काम दमन असे म्हणता येत नाही. तसे म्हटले तर भुकेलाही नेणिवेत ढकलल्यासारखे होईल.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) मनोविश्लेषणापुढे याहून कठीण प्रश्न ठेवला आहे. फ्रॉइडने १९०९ मध्ये ‘कुटुंब-कल्पिता’विषयी लिहिले : आईवडिलांविषयी भ्रमनिरास झालेले मूल अशी कल्पना करते की हे आपले खरे आईबाप नाहीत, आपण कोणा थोर घरचे आहोत. कालांतराने ही कल्पना विरते. ‘अक्करमाशी’तील मुलाची आई दलित आणि बाप सवर्ण पाटील आहे. म्हणजे जी गोष्ट इतर मुले दिवास्वप्नात रचतात ती येथे वस्तुस्थिती आहे, आणि तिने मूल थोर होत नाही, बेवारस होते. शाळेत नाव घालताना बापाचे नाव काय लावायचे हाच पेच उभा राहतो. झाक लाकाँ यांनी ‘पित्याचे नाम’ ही मुलाला भाषेच्या आणि कायद्याच्या जगात प्रवेश देणारी खूण मानली. लाकाँच्या मांडणीत तो संकेत आहे. लिंबाळ्यांच्या पुस्तकात ती शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ आहे आणि ती भरली जाण्यावर गावाचा आक्षेप असू शकतो. पित्याचे नाम सर्वांना सारखे उपलब्ध आहे हे लाकाँचे गृहीत जातिव्यवस्थेत टिकत नाही.

आता आरंभीच्या शब्दाकडे परत येता येते. निरागस म्हणजे ज्याला दोष लागलेला नाही. ज्या समाजात काही मुलांना जन्मतःच दोष लावला जातो, तेथे निरागसता हे वयाचे लक्षण राहात नाही. ते काहींच्या वाट्याला येणारे स्थान ठरते. श्याम, लंपन, मुकुंद हे घरात काही पुस्तके असलेली, दोन वेळा जेवणारी मुले आहेत. श्यामच्या घरची स्थिती पुढे हलाखीची होते, पण तीही घसरण आहे. घसरायला आधी पायरी होती. ‘झोंबी’ आणि ‘अक्करमाशी’तील निवेदक मागे वळून पाहतात तेव्हा त्यांना गमावलेली बाग दिसत नाही. त्यामुळेच त्यांनी कादंबरीऐवजी आत्मकथनाचे रूप किंवा आत्मकथनाला चिकटलेली कादंबरी निवडली असावी. हरवलेल्या निरागसतेची कादंबरी लिहिण्यासाठी जे भांडवल लागते ते त्यांच्यापाशी नव्हते. मराठी अभ्यासमंडळे ‘शाळा’ कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेत आणि ‘अक्करमाशी’ दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत ठेवतात, तेव्हा ही तुलना वर्गात होतच नाही. दोन्ही पुस्तके शाळेत जाणाऱ्या मुलाविषयी आहेत हे विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही.

ज्या मोठ्या होत नाहीत

वरील सर्व कलाकृतींत आणखी एक समान गोष्ट आहे. त्यांचे नायक मुलगे आहेत आणि त्यांची निरागसता ज्यांच्या निमित्ताने हरवते त्या मुली आहेत. मनी मरते. शिरोडकर निघून जाते. सुमी लंपनच्या नजरेत सदैव त्याच वयाची राहते. मनोविश्लेषण ज्याला ‘गमावलेला विषय’ म्हणते ती जागा या मुली भरतात आणि त्या जागेवरून त्यांना स्वतः मोठे होता येत नाही.

मुलीच्या बाजूने लिहिले गेलेच नाही असे नाही. साने गुरुजी ज्या वर्षी तुरुंगात श्यामच्या आठवणी लिहीत होते त्याच १९३३ साली विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाला आणि त्याने मोठी खळबळ माजवली. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातील इच्छा त्यात उघडपणे आल्या होत्या. लेखिकेने, म्हणजे मालतीबाई बेडेकर यांनी, टोपणनाव घेतले होते आणि ते कोणाचे याचा शोध वाचकांनी हिरीरीने घेतला. श्यामच्या निवेदकाला स्वतःचा दोष सांगण्यासाठी आश्रमातील श्रोते मिळाले. या लेखिकेला स्वतःचे नाव लपवावे लागले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) कोकणातल्या दलित मुलीचे बालपण येते. तिचे वडील लवकर वारतात आणि आई सतत आयदाने विणत असते. श्यामच्या आईप्रमाणे हीही आई आहे, पण तिचे हात रिकामे नाहीत. तिच्या पराहम् चा आवाज उपदेशाचा नसून बांबूच्या पात्यांचा आहे.

‘शाळा’ शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना ते वर्ष शिरोडकरच्या बाजूने लिहून आणण्यास सांगता येण्याजोगे आहे. मुकुंदने जे पाहिले ते तिला ठाऊक होते का, गाव सोडताना तिचे काय मागे राहिले, तिच्या घरी बाप कसा बोलत असे, हे सारे त्यांना स्वतः रचावे लागेल. पण त्याआधीच एक अडचण येईल. कादंबरीभर ती मुख्यतः आडनावाने, म्हणजे बापाच्या नावाने, ओळखली जाते. पहिल्या ओळीत तिने स्वतःला कोणत्या नावाने हाक मारायची, हे विद्यार्थ्यांना आधी ठरवावे लागेल.